एक मिलीची सवलत

देवानं हे जग घाईघाईत बनवलं, तपासायचं राहून गेलं आणि ते काम आता आपल्यालाच निभवायचं आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला: पिंपळे गुरवच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे काका. तरुणपणी लातूरकडून आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात सगळी नोकरी क्वालिटीत काढली. काका निवृत्त झाले, पण शर्टाच्या खिशातला व्हर्नियर काही निवृत्त झाला नाही. भाकरी कडेला आणि मध्ये सारख्या जाडीची नसली की ते ती बाजूला सारायचे. काकू तीच भाकरी दुधात चुरून वाढायच्या आणि काका निमूट खायचे. आमच्या दाराची कडी दीड मिलीमीटर वर बसली आहे, हे त्यांनी मला माझ्या वडिलांच्या तेराव्याला सांगितलं आणि वर, "दुःखात हायस, सावकाश कर," अशी मुभाही दिली.

पण त्यांचा खरा जीव बर्फात. दिघीला एका लग्नात सरबताचा ग्लास नाचवत त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामालाच गाठलं. "बर्फ वर कामून आला?" "हलका असतो म्हणून," मामा म्हणाला. "एक किलो बर्फ आन् एक किलो पानी, हलकं कोन?" मामा गडबडला. काकांनी मग कंपनीची बस काढली. "पानी म्हंजे शिफ्ट सुटल्यावरची बस. उभी, कोंबलेली मानसं. गोठलं की समदे आपापल्या सीटवर बसले. आता त्याच बसमदी मानसं कमी मावली का न्हाई? तेवढीच जागा, पन वजन कमी. म्हनून वर!" तिकडे मंगलाष्टकं संपली, तरी मामाच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच होत्या.

आम्ही हसायचो. हे वेड कुठून आलं ते ठाऊक असूनही हसायचो, याची आज लाज वाटते. काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा संत तुकाराम नगरला डायलिसिस, आणि दिवसभरात फक्त अर्धा लिटर पाणी. त्यातच चहा, त्यातच वरण. जास्त झालं की पाणी छातीत साठायचं. नुसतं पाणी पिण्यापेक्षा बर्फ चघळा, असं तिथल्या सिस्टरनी सुचवलं आणि काका कामाला लागले. सिरिंजनं मोजून ट्रेच्या एकेका खणात दहा मिली पाणी भरायचं. गोठलं की खडा खणाच्या वर फुगून यायचा. पहिल्या दिवशी ते वाटीत खडा घेऊन जिन्यातून धावतच खाली आले. "पानी धा मिली, पन तोंडाला अकराला जरासंच कमी! एक मिली फुकट. देवानं ही सवलत हिच्यासाठीच ठिवली बघ." मागून काकूंचा आवाज आला, "सवलतच द्यायची व्हती, तर एक किडनी द्यायची."

त्यांची माया जाचक होती, हेही सांगायला हवं. त्यांनी माठ देऊन टाकला, फिल्टरची तोटी काढून खिशात ठेवली. काकूंनी खडा संपवून वाटी पुढे केली की "पुरे" म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. एका उन्हाळ्यात काकू आंघोळीच्या बादलीतलं दोन तांबे पाणी पिऊन बसल्या आणि दोन दिवस ऑक्सिजनवर राहिल्या. तेव्हापासून त्या आंघोळीला गेल्या की काका दाराबाहेर उभे राहून बोलत राहायचे. उत्तर यायला उशीर झाला की दार बडवायचे. "चोरावानी पहारा ठिवलाय माझ्यावर," म्हणत काकू माझ्या बायकोजवळ रडल्या. आणि काका? त्यांनी घरात पाणी पिणंच सोडलं. आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभ्याउभ्या दोन ग्लास घटाघट प्यायचे, मिशा पुसायचे आणि वर जायचे. काकूंना ते कळत होतं. "मिशा पुसत्यात, पन कॉलर ओली राहती," त्या म्हणाल्या. "सांगू नको बाई ह्यांना."

गेल्या वर्षी डॉक्टरांनी हात टेकले. डायलिसिस आता झेपणार नाही, घरी न्या, मागतील ते द्या, म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. "पानी किती?" काकांनी विचारलं. "कितीही." त्यांचा विश्वास बसला नाही. "कितीही म्हंजे किती?" त्यांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

घरी आल्यावर काकांनी तांब्या काठोकाठ भरला आणि काकूंचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाजू लागले. दोन चमचे गेले. तिसरा ओठांच्या कडेनं ओघळून गळ्यावर आला. काकूंनी मान हलवली. "पुरे," त्या म्हणाल्या. काका चमचा हातात धरून तसेच राहिले. माझी बायको तांब्या उचलायला वाकली, तर त्यांनी तो जवळ ओढला. "राहू दे पोरी. लई दिसांची तहानलेली हाय ती. मागंल थोड्या वेळानं."

दिवेलागणीला काकू गेल्या, तोवर त्यांनी पाणी मागितलं नाही. एकदा, नुसतं एकदा मागितलं असतं, तरी काकांना केवढं बरं वाटलं असतं.