मी घरी नसताना झालेली छाटणी

माझ्या दारावर कोणी लिंबू-मिरची टांगली, तर ती सोडून मी भाजीत घालते. अख्ख्या देवळी गावाला माहीत आहे. अंगात येणं, उतारे, बाहेरचं... या सगळ्याचा मला मनस्वी तिटकारा. तेव्हा पुढचं नीट वाचा, आणि कारण सापडलं तर मलाही सांगा.

आमच्या यांना — दिवाकररावांना — द्राक्षांचं भारी वेड. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नाशिककडच्या एका थंड पठारावरून हे द्राक्षाच्या काड्या आणि छाटणीची कात्री घेऊन आले. देवळीच्या उन्हात द्राक्षं! गाव हसला. यांनी विहिरीजवळ वेल लावला, मांडव घातला. वेल मांडवावर पसरला, त्याच पावसाळ्यात हे काविळीनं गेले. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीची एक गोष्ट सोडतात. तेरवीला मी द्राक्षं सोडली.

वेल मात्र माजला. नुसती पानं! छाटल्याशिवाय द्राक्ष लागत नाही, हे यांनीच मला सांगितलं होतं. पण यांच्या हातच्या वेलाला कात्री लावायची? माझा हात होईना. कात्री पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. वर्षं गेली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, दसऱ्यानंतर, तालुक्यातल्या शेतकऱ्यांची सहल निघाली — नेमकी त्याच पठारावर. मी हट्टानं गेले. यांनी पाहिलेली जागा एकदा डोळ्यांनी बघायची होती, बस्स.

काय ती थंडी! आम्ही वर्ध्याकडची माणसं सकाळच्या उन्हातही शाली गुंडाळून फिरत होतो. आधी वाइनचा कारखाना दाखवला. गार तळघर, मोठाल्या टाक्या, आंबूस-गोड वास. शेवटी टेबलावर पेले मांडले... आणि आमचा जिल्हा पडला दारूबंदीचा! सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे. "गावात सांगू नोका बाप्पा," आमच्यातले एक काका कुजबुजले आणि हसू फुटलं. मीसुद्धा हसले. किती दिवसांनी!

मग बाग. तिथले माळीदादा छाटणी दाखवत होते. "ताई, करून बघा," म्हणत त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. मी एक काडी कापली. कापल्या जागी पाण्याचा थेंब आला, आणि मला रडू आवरेना. मनात म्हटलं, अहो, आपला वेल तसाच राहिलाय हो. तुम्हीच या आता.

घरी परतले, तर अंगणात लख्ख ऊन. मांडव मोकळा! वेल छाटलेला — तसाच, जसा बागेत पाहिला होता. कापल्या टोकांतून थेंब गळत होते. छाटलेल्या काड्यांची पेंढी बांधून भिंतीला उभी केलेली. हे पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या झाडांची, पेंढी बांधायचे, अगदी तशी. कात्री मांडवाच्या खांबाला लटकत होती. मी घरात धावले. पेटीला कुलूप तसंच, किल्ली सहलभर माझ्याच कमरेला. उघडली — आत कात्री नव्हती.

सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. म्हटलं, "आई, वेल कोणी कापला?"

"दिवाकर आलता ना. काल दुपारी वेल कापून राह्यला होता. म्या म्हटलं, जेवून जाजो. तं म्हने, थे कोठी गेली? म्या सांगतलं, तुयाच द्राक्षाच्या गावाले गेली. हासला अन् गेला."

मी तिथंच बसले. इतक्या वर्षांनी एकदा आले, मला विचारलं... आणि मी नेमकी घरी नव्हते.

सासूबाईंची नजर अधू होती, भास झाला असेल — मान्य. कोणी शेजाऱ्यानं कापला असेल — घरोघरी विचारून झालं. पण कुलूप? त्याचं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही.

फाल्गुनात वेलाला घड लागले. सासूबाईंनी खाल्ले, शेजारपाजारी वाटले. मी सोडलेली ना... नुसता वास घेतला.

आता मला छाटणी येते. तरी करत नाही. दसरा झाला की कात्रीला तेल देते, खांबाला टांगते आणि घर सोडून कुठेच जात नाही. वेलाला पुन्हा एकही द्राक्ष लागलं नाही. लोक म्हणतात, मावशी, तुम्हीच छाटून टाका ना.

मी छाटला, तर ते कशाला येतील?