अनामिकेचं नख

माझा चेहरा बेताचा आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण घरी पाहुणे आले की ते धाकट्या बहिणीला "किती गोड गं!" म्हणत आणि मला "अभ्यास कसा चाललाय?" असं विचारत. एवढ्यावरून शहाण्या माणसानं काय ते ओळखावं. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी, सांगलीतल्या एका सराफाच्या दुकानात, भर दुपारी, एका अनोळखी माणसानं माझ्याकडं बघून "वा!" म्हटलं, तेव्हा मी आधी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

त्याचं झालं असं. मे महिन्याच्या सुट्टीत मी साताऱ्याहून सांगलीला मावशीकडं गेले होते आणि मावशीला पाटल्या करायच्या होत्या. तिचा हात चांगला भरलेला. दुकानातली नमुन्याची पाटली तिच्या अंगठ्याशीच अडून बसली. म्हणून ती मला म्हणाली, "आण गं तुझा हात. तू घाल, मी लांबनं बघते." सराफांनी माझ्या हातात पाटली चढवली, मग तिच्या पुढं तोडा चढवला, मग चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वा! काय सुरेख हात आहे मुलीचा! बोटं बघा, नखं बघा! दिवाळीच्या आधी आम्ही कॅलेंडरसाठी फोटो काढणार आहोत. हाताचाच फोटो. येशील का?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. मावशी मात्र माझ्या वतीनं चार वेळा "येईल की, येईल की" म्हणाली.

नव्वदीची सुरुवात होती. तेव्हा दुकानदारांनी दिलेलं कॅलेंडर घरोघर भिंतीवर वर्षभर असायचं. दूधवाल्याचे खाडे त्याच्यावर, गॅसची तारीख त्याच्यावर. आमच्या घरातलं आजवर छापून आलेलं माणूस म्हणजे आजोबा, तेही वारल्यावर. आणि आता माझा हात छापून येणार होता! त्या रात्री मला आनंदानं जेवण गेलं नाही. पुढचे कित्येक दिवस मी सतत स्वतःचे हात बघत असे. लिहिताना बघे, कपडे वाळत घालताना बघे, चहाचा कप धरताना करंगळी उगाचच लांब करून बघे.

आणि हात बघतानाच घात झाला.

कॉलेजात प्रवेश घ्यायचा म्हणून जूनमध्ये मी साताऱ्याला परत निघाले. कराडपर्यंत बसनं आले आणि तिथून वडापमध्ये बसले. वडाप म्हणजे आमच्याकडची, माणसं कोंबून नेणारी जीप. उंब्रजला मागची एक बाई उतरायची होती, म्हणून मी खाली उतरले, परत चढले, डाव्या हातानं चौकट धरली. ऊन असं पडलं होतं की त्या हाताची बोटं फारच छान दिसत होती. मी त्यांच्याकडं कौतुकानं बघत उजव्या हातानं दार ओढलं. चांगलं जोरात ओढलं.

माझी किंकाळी ऐकून ड्रायव्हर धावत मागं आला. "आवं ताई, बगून लावायचं न्हवं का दार!" म्हणाला. मी बघतच होते, हे त्याला कसं सांगणार? डाव्या हाताचं चौथं बोट, अनामिका, नखाखाली काळंनिळं झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी बोट हलवून पाहिलं, हाड शाबूत आहे म्हणाले, आणि सहज बोलल्यासारखं पुढं म्हणाले, "हे नख जाईल. नवीन येईल, पण पाच-सहा महिने लागतील."

मी तिथंच बोटांवर महिने मोजले. फोटो ऑक्टोबरात होता. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. महिने पुरत नव्हते. मला बोटापेक्षा ती मोजणी जास्त दुखली.

जुलैच्या सुरुवातीला नख गळून पडलं. आईला वाटलं मी रडेन. पण मी चिडले. म्हटलं, एक नख गेलं तर गेलं, उरलेली नऊ अशी राखीन की दहाव्याकडं कुणाचं लक्ष जाता कामा नये. साताऱ्यातली कुठली बाई राखत नसेल असे मी हात राखायला लागले. रात्री ग्लिसरीन आणि गुलाबपाणी. सकाळी लिंबाची फोड. नऊ नखं एका मापाची, एका गोलाईची, कानशीनं घासून गुळगुळीत. उघड्या बोटाला खोबरेल, आणि काम करताना वर सैलशी चिंधी. भांडी घासणं बंद, धुणं बंद, चिंच-मीठ लावून तांब्या उजळणं तर कायमचं बंद. आई सगळी कामं एकटी ओढायची आणि जाता-येता म्हणायची, "नख नाही ते नाही, वर नखरा किती!" पण खोबरेलाची वाटी रोज संध्याकाळी तीच कोमट करून आणून द्यायची. मी दर रविवारी खिडकीशी बसून बोट पट्टीला लावायचे. मुळाशी पातळ, नवं नख दिसलं त्या दिवशी मी एसटीडी बूथवर जाऊन मावशीला फोन केला. "आलं!" एवढंच ओरडले. मावशीला वाटलं माझा निकालच आला.

धीर धरला असता तर पुढची फजिती टळली असती. पण धीर माझ्या स्वभावात नाही. पेठेतल्या एका फॅन्सी स्टोअरमध्ये प्लॅस्टिकची नखं मिळाली. त्यांतलं एक कापून, घासून मी डिंकानं बोटावर बसवलं. डॉक्टर बोटाला काही चिकटवू नको म्हणाले होते, पण डॉक्टरांचा हात कुठं कॅलेंडरवर येणार होता? त्या संध्याकाळी बहिणीचा वाढदिवस होता. दहाही नखं मिरवत मी सगळ्यांना शेवयाची खीर वाढली. शेजारच्या काकू, खेड्यातून साताऱ्यात आलेल्या, मोठ्या आवाजाच्या आणि त्याहून मोठ्या मनाच्या, कोपऱ्यात बसून आवडीनं खात होत्या. मध्येच त्यांचा जबडा थांबला. त्यांनी तोंडात बोट घालून काहीतरी बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

"आगं, ह्यो कसला बदाम म्हनायचा? मगाधरनं चावतीया, फुटंना झालाय!"

मी माझ्या बोटाकडं बघितलं. बोट बोडकं होतं. खिरीच्या वाफेनं डिंक सुटला होता आणि बदामाच्या कापांत माझं नख जाऊन बसलं होतं. बहीण हसून हसून जमिनीवर लोळली. काकूंना खरं सांगावंच लागलं. रागावल्या नाहीत त्या, पण कॅलेंडरची हकिकत मात्र त्यांना अजिबात पटली नाही. "आसलं हात मुंबैच्या बायकांचं आसत्यात गं. तुला कोन बोलावतंय?" असं म्हणून त्यांनी खीर पुन्हा मागून घेतली. त्या दिवसापासून दारात दिसल्या की पहिला प्रश्न ठरलेला. "काय गं, बदाम कुठवर आला?" गल्लीत सगळे हसायचे. मी पण हसायचे, पण मनातून मला ते फार लागायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी कुणाला सुंदर वाटलं होतं, आणि त्यावर कुणाचा विश्वासच नव्हता.

नागपंचमी आली तेव्हा आईनं तोड काढली. "ते प्लॅस्टिक सोड. मेंदी लाव. आपली जुन्या तऱ्हेची." जुन्या तऱ्हेची म्हणजे तळव्यावर मधोमध चंद्र, भोवती ठिपके, आणि बोटांना टोप्या. मेंदीचा जाड थर पेराच्या वर सगळीकडून लिंपायचा, नखासकट. आईनं पाट्यावर पाला वाटला, काथ आणि लिंबू घातलं आणि मला दहा टोप्या घालून रात्रभर बसवलं. सकाळी हात धुतले आणि मी ओरडलेच! दहाही बोटं लालभडक, नखं लाल, नखाची रिकामी जागासुद्धा लाल, कुठलं बोट कुठलं ते ओळखू येईना. मी आईला मिठी मारली आणि हात वर करून सगळ्या गल्लीतून फिरून आले.

पण आईच्या आणि माझ्या, दोघींच्याही डोक्यात एक गोष्ट आली नव्हती. मेंदी कातडीवरून पंधरा दिवसांत जाते. नखावरून मात्र जात नाही, नख वाढून कापलं जाईपर्यंत ती तिथंच राहते. श्रावण संपला तेव्हा माझी नऊ नखं लाल होती आणि दहावं मुळापासून कोरं, फिकट, नवंकोरं उगवत होतं. आधी नुसतं आखूड होतं, आता ते आखूडही होतं आणि वेगळंही होतं. जणू त्याच्यावर खूण करून ठेवली होती. आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बाई, हे असं होणार हे लक्षातच नाही आलं." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

शेवटी मरून रंगाच्या नेलपॉलिशनं मला तारलं. लाल नख आणि कोरं नख, दोन्ही त्याच्याखाली सारखंच. ऑक्टोबरात सांगलीला गेले तेव्हा अनामिकेचं नख पाऊण भरून आलं होतं. मावशीकडं बसून मी दोन हात पॉलिश चढवलं, टोकाशी जरा कातडीवरही ओढलं. हातभर अंतरावरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. स्टुडिओच्या पायऱ्या मी इतक्या भराभर चढत होते की मावशीनं माझा दंड धरून ठेवला होता.

सराफ मखमली डबे घेऊन आधीच आले होते. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "हे पॉलिश काढा. पाटल्या-तोडे म्हणजे जुनी वळणं, त्यांना नखं आपली साधीच पाहिजेत."

मावशी खालच्या दुकानातून रिमूव्हर घेऊन आली. मी कापसानं एकेक नख पुसत गेले, मुद्दाम सावकाश, जणू तेवढ्यात ते वाढणार होतं. डाव्या हाताची चार नखं टोकाला अजून लाल, आणि त्यांच्यात अनामिकेचं एक आखूड, फिकं. सराफांनी चष्मा खाली ओढून ते नख बघितलं. मग फोटोग्राफरकडं वळून हळूच म्हणाले, "दुसरं कुणी मिळेल का आज?"

मला ते ऐकू आलं. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि रागही आला, त्यांचा नाही, त्या जीपच्या दाराचा. फोटोग्राफरला सर्दी झाली होती, तो नाक पुसत म्हणाला, "कशाला? बोट झाकून काढू की." आणि मग दोन तास तेच चाललं. अनामिका फुलाच्या मागं, अनामिका निरांजनाच्या मागं, अनामिका मुडपून पदरात. "ताई, चौथं बोट! चौथं बोट आत घ्या!" माझी पाठ भरून आली, पण मला मजा यायला लागली होती. दिव्यांचा झगझगाट, काळं मखमल, हातात दुसऱ्याचं सोनं!

सगळं झाल्यावर सराफांनी म्हटलं, एकदा नुसते तोडे घालून बघू. घातले. ते इतके चमकले की मी सगळं विसरले आणि पाचही बोटं पसरून हात दिव्याकडं उंच केला, लहान मूल धरतं तसा. कॅमेरा वाजला. मी दचकून बोट आत घेतलं. "राहू द्या," फोटोग्राफर म्हणाला, "एकच फोटो उरला होता. रोल संपवला."

डिसेंबर संपता संपता मावशी कॅलेंडरची गुंडाळी घेऊन साताऱ्याला आली. मी ती तिच्या हातातून ओढूनच घेतली. बारा महिन्यांच्या वर एकच मोठा फोटो होता. उंच केलेला हात, पसरलेली बोटं, तोडे, आणि बरोबर मधे, पूर्ण उजेडात, ते आखूड फिकं नख. चार महिन्यांची मेहनत, खोबरेल, ग्लिसरीन, सगळं वाया! "कुणाला दाखवू नका," म्हणून मी कॅलेंडर कपाटामागं टाकलं. आईनं ते काढलं, झटकलं आणि बाहेरच्या खोलीत खिळ्याला लावलं. मावशी म्हणाली, "सराफ म्हणत होते, बाकीच्या फोटोंत नुसते दागिने दिसतात, ह्याच्यात हात हसतोय."

तेवढ्यात काकू विरजण मागायला आल्या. आई मोठ्या उत्साहात म्हणाली, "बघा, आला की नाही हिचा हात!"

काकूंनी कमरेवर हात ठेवून वर बघितलं. "झाक हाय. पर ह्यो हिचा कशावरनं?"

आता मात्र माझं टाळकं सरकलं. मी जाऊन फोटोशेजारी हात धरला, तसाच उंच, तशीच बोटं पसरून. पण दहाही नखं आता पूर्ण होती. लाली कधीच वाढून कापली गेली होती. फोटोतला हात आणि माझा हात, मलाच एक वाटेनात.

"न्हाई गं," काकू म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, हे आवाजावरून कळत होतं. "तुजी समदी नखं येकसारकी हाईत. आन् ह्या बाईचं बग, चार लाल हाईत, आन् ह्ये एक…"

त्या थांबल्या. पदरानं डोळे पुसून टाचा उंचावून पुढं झाल्या आणि नाक जवळजवळ कागदाला लावलं.

"आगं बया!" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारची दारं उघडली. "ह्यो तर माजा बदाम!"