फरशीखाली जाणारा दगड

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, तेही इंग्रजी घेऊन. हे मी कुठंही सांगते, लाजत नाही. जालन्याच्या जुन्या चर्चमधली फरशी बदलायचं काम दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना मिळालं, तेव्हा त्यांनी पाळकसाहेबांना परस्पर सांगून टाकलं, "दगडं वाचायला माणूस कशाला हुडकता साहेब? माझी पोरगी हाय ना."

चर्चच्या जमिनीत इंग्रजांच्या पलटणीतल्या लोकांच्या समाध्यांचे नऊ दगड होते. चर्चच्या मंडळींनी ठरवलं होतं, ज्याची अक्षरं लागतील तो दगड उघडा ठेवायचा, बाकीचे नव्या फरशीखाली. दादा चपला दाराबाहेर काढून, प्रत्येक दगडाला वळसा घालून चालायचे. समाधीवर पाय द्यायचा नाही, कुणाची का असेना. हाताखालची बाई घमेलं घेऊन वैतागली, "असं फिरत बसले तर दिवाळी इथंच करा आता!"

आठ दगड मी वाचले. कुणी कॅप्टन, कुणी डॉक्टर, कुणाची बायको. नववा भिंतीच्या कोपऱ्यात, पाटाएवढा. ओल्या फडक्यानं पुसला, वरून मोबाईलची बॅटरी धरली. काही नाही.

"कोरा आहे," मी म्हणाले.

दादा वाकले. "कोरा दगड कुणी एवढा घासतं का बाई? अन् वरून काय उजेड पाडून राह्यलीस? आडवा धर. जमिनीला टेकव."

गिलाव्यातला खड्डा ते असाच शोधतात, भिंतीला बॅटरी लावून. मी मोबाईल टेकवला आणि अक्षरं उठली. पहिल्या ओळीत ऐसपैस, शेवटच्या ओळीत एकमेकांच्या अंगावर.

दादांना वाचता येत नाही. त्यांनी बोट फिरवलं. "हे पाथरवटाचं काम न्हाई. आखून घेतलं न्हाई त्यानं, मंग जागा पुरली न्हाई. पण घाव बघ, एक बी घाईत मारला न्हाई. घरच्यानं केलंय हे."

मी वाचत गेले. एका सार्जंटची मुलगी, अकरा महिन्यांची. आणि त्या दाटीवाटीच्या ओळीत लिहिलं होतं की दगड तिच्या बापानंच कोरला.

माझ्या पदवीनं ज्याला कोरा ठरवलं, तो दगड दादांनी माझ्याआधी वाचला होता.

पाळकसाहेब आले, गुडघ्यावर बसून त्यांनी स्वतः वाचलं. "राहू द्या उघडा. पण दादा, टाइल्स आड येतील."

"कापतो की. त्यात काय!"

मग दादांनी मला विचारलं, "नाव काय पोरीचं?"

मी सांगितलं. त्यांची जीभ वळेना. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा आपल्या पद्धतीनं म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली आणि दगडाच्या कडेला धरून टाइलवर रेघ मारली.