हात सैल सोडा

"हात सैल सोडा बाई. रागातल्या हाताचं काच आयकत न्हाय."

आमची कासारीण मावशी असं म्हणायची तेव्हा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. समोरच्या बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू दाबायची आणि त्या हाताशीच बोलायची. बाई कितीही तणतणत आलेली असो, थोड्या वेळानं तिचा आवाजही सैल व्हायचा. तुम्ही बांगड्या भरून घेतल्या असतील तर तुम्हालाही ठाऊक असेल, आपला हात दुसरीच्या हाती असताना फार वेळ भांडता येत नाही.

सोलापुरात गिरणीच्या रस्त्याला तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा, मागे पडदा, आणि पडद्याआड खोकणारा तिचा नवरा. दुपारचा भोंगा होऊन गेला की रस्ता निजल्यासारखा व्हायचा. ऊन बांगड्यांच्या माळांतून आत यायचं आणि भिंतीवर हिरवं, तांबडं पाणी हलायचं. ती भिंत मला अजून स्वप्नात दिसते.

नवऱ्यानं मला सोडलं, भावजयीला मी जड झाले, तेव्हा मावशीनं मला माळा ओवायला ठेवलं. मी चौथी शिकलेली, पण चार बायकांत तोंडातून शब्द निघायचा नाही. कुणी ओरडत आलं की मी माळांमागे सरकायची. मावशी हसायची. विणकर साळ्यांच्या बायका तेलुगूत शिव्या द्यायच्या, तर ही तेलुगूतच त्यांच्या लेकरांची विचारपूस करायची. एका बाईनं तिचा हात खरखरीत म्हणून नाक मुरडलं. मावशी म्हणाली, "व्हय की. समद्या सोलापूरच्या मऊ हातांनी झिजलाय."

एकदा गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बायको लेकीच्या लग्नाचा हिरवा चुडा भरायला आली. पायरीवरूनच तिचं सुरू झालं. ओटा मळका, काच हलकी, कासारीण म्हातारी. मावशीनं आईचा हात स्वतःकडे घेतला आणि नवरीचा माझ्याकडे दिला. माझी बोटं कापत होती. तिसरी बांगडी तडकली आणि माझ्या तोंडून गेलं, "फुटली."

आमच्या धंद्यात हा शब्द नाही. बांगडी वाढते. आणि मी तर तो नवरीचा हात धरून बोलले होते.

आईनं आपला हात हिसकून घेतला. "नवऱ्यानं टाकलेलीला बसवलीस व्हय माज्या पोरीच्या चुड्याला? आत्ताच्या आत्ता हाकल हिला. न्हायतर लग्नाच्या समद्या बाया दुसरीकडं नेते."

मी उठले. भावजयीच्या दाराशिवाय मला दुसरं दार नव्हतं.

"बस खाली," मावशी म्हणाली. तिनं आपल्या डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. सवाष्णीचा हात मोकळा नसावा म्हणून एक तेवढी ठेवली आणि तो हात माझ्यापुढे धरला. "हिच्या हातात अपशकुन आसंल तर आदी मला लागू दे. माजा धनी तितं पडद्याआडच हाय."

पडद्याआडचं खोकणं थांबलं.

मी कशा भरल्या ते आठवत नाही. तिचा हात निजलेल्या लेकरासारखा माझ्या तळव्यावर पडला होता, एवढंच आठवतं. एकही बांगडी तडकली नाही. भरून झाल्यावर बायका कासारणीला करतात तसा, पदर पुढे घेऊन, मावशीनं मला नमस्कार केला. मग नवरीनं आपला हात माझ्याकडे दिला. आईचं तोंड चालूच होतं, पण हळू.

त्याच वर्षीच्या थंडीत मावशीचा नवरा गेला. जमलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी कोपऱ्यात जाऊन माझ्या लुगड्याचं गाठोडं बांधायला लागले. मावशीनं ते पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "खोकला त्याचा धा वरसाचा. बांगड्या ह्या आवंदाच्या."

शेजारची म्हातारी बांगड्या फोडायला दगड घेऊन आली. मावशीनं मान हलवली. "माज्या दुकानात काच फोडायची न्हाय. जिनं भरल्या तीच काढंल."

मी तिच्यापुढे बसले. तिचा हात पहिल्यांदाच लाकडासारखा ताठ लागला. एवढ्या बायकांत माझा आवाज कसा निघाला कोण जाणे.

"हात सैल सोडा मावशी."

तिनं सोडला. एकेक करून सगळ्या बांगड्या अख्ख्या निघाल्या.

पुढे ती ओट्यावर बसली नाही. विधवेच्या हातून कोण बांगड्या भरून घेणार? तिची जागा माझी झाली आणि ती पडद्याआड बसून माळा ओवू लागली. गिऱ्हाईक माझ्यावर ओरडायला लागलं की आतून तिचं बारीक हसू ऐकू यायचं. मग माझी बोटं कापायची नाहीत.

आता पडद्याआड कुणी नाही. तिच्या बांगड्या ओवून मी सगळ्यांत वरच्या खुंटीला टांगल्या आहेत. त्या विकायच्या नाहीत म्हटलं की एखादी बाई भडकते. मी तिचा हात हातात घेते. भोंगा होऊन गेलेला असतो. ऊन आधी त्या वरच्या माळेतून येतं, आणि पडद्यावर एक हिरवा ठिपका हलत राहतो.