नवऱ्याची मिशी आणि जपानी वस्तरा

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी माझ्या सासऱ्यांना मारलं. तेही नवऱ्याची दाढी करताना.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. माझे हात तेव्हा स्वस्थ म्हणून बसत नसत. (आजही बसत नाहीत, फक्त गुडघे आता त्यांच्याबरोबर उठत नाहीत.) काही काम उरलं नाही तर मी विणून ठेवलेली माडाची झावळं उसवायची आणि पुन्हा विणायची. अशा बाईच्या हातात माझ्या थोरल्या भावाने, दादाने, जपानी वस्तरा आणून ठेवला! दादा मालवाहू बोटीवर होता. आपल्याकडच्या न्हाव्याचा वस्तरा कसा मुठीत मिटतो. हा मिटायचाच नाही. लोखंडाची एक सरळ पट्टी, मुठीला वेत गुंडाळलेला, आणि धार अशी, की नुसतं बघितलं तरी अंगावर काटा यावा.

"थंय बायका पण ह्येनाच तोंडावरची लव काढतत गो," दादा म्हणाला. "फक्त येक ध्यानात ठेव. पात्याची येकच बाजू गालाक लावूची. पलटूचा नाय."

कुठली बाजू, ते त्याने सांगितलं होतं. मी विसरले. पण जपानातल्या बायका करतात म्हटल्यावर मालवणातल्या बायकांनी मागे राहायचं?

मी परसात गेले. वेलावर एक कोवळा कोहळा होता. कोवळ्या कोहळ्याला लव असते, चांगली टोचणारी. त्याला साबणाचा फेस फासला आणि तुळतुळीत केला. तेवढ्यात सासूबाई मागे उभ्या!

"गो बाये! बायलमाणसान कोहळ्याक सुरी लावूची नसता, ठावक नाय तुका?"

"आई, सुरी नाय लावलंय. दाढी केलंय."

सासूबाई तिथेच आळ्याच्या काठावर बसल्या.

आता मुख्य गोष्ट. आमचे हे बी.एड. होऊन दोन वर्षं घरी होते. पोस्टमनची सायकल वाजली की हे अंगणात! अखेर कणकवलीच्या एका शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं. सोमवार, सकाळी अकरा. मामंजींनी, म्हणजे तात्यांनी, जाहीर करून टाकलं होतं, "ह्या खेपेक नाय झाला तर मुंबयक जा, काकाच्या खानावळीत ताटां वाढूक." म्हणजे हे मुंबईत, मी इथे, आणि मध्ये वर्षाकाठी एक गणपती! माझं काळीज कसं ठिकाणावर राहणार?

आणि ह्यांची दाढी चार दिवसांची. ह्यांनी जन्मात स्वतःची दाढी स्वतः केलेली नव्हती, घरी न्हावी यायचा. तो नेमका भाच्याच्या लग्नाला गोव्यात. शनिवारी सासूबाई म्हणाल्या, मारुतीचा वार. रविवारी अमावास्या. सोमवारी सगळी सलूनं बंद! समोरच्या घरातले मास्तर आपला साधा रेझर देत होते. "कित्याक?" मी म्हटलं. "आमच्याकडे जपानी आसा!" (देवाने माणसाला जीभ दिली, पण तिला मूठ दिली नाही.)

सोमवारी तात्या पहाटेच तारकर्लीला बहिणीकडे गेले. ह्यांना मी पडवीत स्टुलावर बसवलं.

"गो, तुका येता मा?"

"कोहळ्याची केलंय, ती काय खोटी?"

"कोहळ्याक नरडा नसता!"

उजवा गाल झक्क झाला. ह्यांनी हात फिरवून बघितला आणि चक्क हसले. तेवढ्यात लांबून एस.टी.चा हॉर्न! गाडी फाट्याच्या अलीकडच्या थांब्यावर आली होती. डाव्या गालासाठी मी त्या बाजूला जाऊन उभी राहायला हवी होती. पण तेवढा धीर कोणाला? जिथे होते तिथूनच वस्तरा पलटला. पातं गालावर थांबलंच नाही, सरळ वर सरकलं. रक्ताचा थेंब नाही. नुसती अर्धी मिशी माझ्या बोटांवर!

"काय झाला?"

"काय नाय. थोडी सारखी करूची लागतली."

अर्ध्या मिशीने मुलाखतीला जाता येत नाही, म्हणून डाव्या गालाबरोबर उरलेलीही काढली. आणि तेव्हाच सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. कप खाली, हात मंगळसूत्रावर! बाप गेल्याशिवाय मुलाची मिशी उतरत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. (नोकरीवाले डोक्यावरचे केस ठेवतात, मिशी तेवढी देतात.) "माझो घोव जितो आसा गो!" असं ओरडत त्या अनवाणी देवळाकडे पळाल्या, कौल लावायला.

हे तोंडावर रुमाल धरून फाट्यावर धावले. लाजेने हो! पण तिथे शेजारची जनाक्का माशांची पाटी घेऊन उभी. तिने रुमाल बघितला, रुमालामागचा कोरा ओठ बघितला. काही विचारणार तोच गाडी आली आणि हे चढले. जनाक्काने मासे विकायचे सोडून वाडीभर बातमी वाटली.

अर्ध्या तासात अंगण भरलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून बायका पेजेची तपेली घेऊनच आल्या. मी सांगायला तोंड उघडलं, की कोणीतरी मला छातीशी दाबून धरी. शेवटी मला हसूच फुटलं.

"हसता बघ! धक्को बसलो गो तिका!"

इतक्यात तात्या आले, हातात सुरमई. गर्दी बघून बिचारे मागेच थांबले.

"कोण गेला गो?" त्यांनी हळूच विचारलं.

जनाक्काने मान न वळवता सांगितलं, "तात्या."

"खंयचे तात्या?"

"ह्याच घरातले. बरो होतो माणूस. तोंड तेवढा वायट."

"आणि तुझा तोंड काय देवळातली घांट?"

जनाक्का वळली. तिच्या हातातलं तपेलं सुटलं आणि तात्यांच्या पायांवर गरम पेजेचा अभिषेक झाला. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी जे काही ऐकवलं, त्यावरून ते जिवंत असल्याची सगळ्यांची खात्री पटली. मग त्यांनी मला शोधलं. मी त्यांच्या हातून पडलेली सुरमई उचलून विहिरीमागे दडले होते.

संध्याकाळी हे परतले. अंगणातच उभे राहून म्हणाले, "नोकरी लागली."

"काय इचारल्यानी?" तात्यांचा आवाज.

"काय नाय. अर्जावरच्या फोटोत मिशी, आणि समोर कोरो ओठ. माका बघून सगळे उभेच रवले. मी तीनदा सांगूक गेलंय, 'सर, माझे वडील...' तर म्हणतात, 'आम्हाला कळतंय, तुम्ही काही बोलू नका. अशा प्रसंगातसुद्धा आलात, मोठी गोष्ट आहे.' येक तारखेपासून हजर व्हायचा." मग आवाज बारीक करून, "आणि गुरवारी हेडमास्तर सांत्वनाक घराकडे येतले."

तात्या आरामखुर्चीतून उठले, पेजेने भाजलेले पाय टाकत माझ्यासमोर आले आणि म्हणाले,

"सूनबाय, येकदा माका मारलंस, ता मी इसारतंय. पण गुरवारी हेडमास्तर इले काय हार माझ्या फोटोक घालतलंस की थेट माझ्याच गळ्यात, ता आत्ताच काय ता सांग. म्हणजे मी तसो तयारीत बसतंय!"