अव्वांच्या दोन गोळ्या

बाळीवेशीतल्या अक्कम्मांना सगळे अव्वा म्हणत. नवरा गेल्यावर त्यांनी घरातच कडक भाकरीचा धंदा सुरू केला आणि बघता बघता हाताखाली पाच-सहा बायका आल्या. कागदासारखी पातळ झाली नाही, तर ती भाकरी गाईला जायची. बायका त्यांना टरकून असत आणि घरात काही अडलं की पहिल्यांदा त्यांच्याकडेच येत.

एवढ्या खमक्या बाईला झोप मात्र येत नव्हती. नवऱ्यामागं त्या झोपेची गोळी घेऊ लागल्या. हे फक्त सून सिद्धेश्वरीला माहीत होतं, कारण गोळ्या तीच आणायची.

"सोमेशला बोलायचं न्हाय," अव्वांनी तिला शपथ घालून बजावलं होतं. "झोपेची गोळी घेती म्हटलं की लोक म्हणतात, हिचं डोकं फिरलंय."

गेल्या उन्हाळ्यात गिरणीसमोर त्यांना मोटारसायकलनं उडवलं. खांद्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

"बीपीची तेवढी."

मुलगा सोमेश शेजारीच उभा होता. सिद्धेश्वरीनं सासूकडं पाहिलं. अव्वांनी डोळे वटारले. ती खाली बघून पिशवी भरू लागली.

दुखण्यावरची गोळी साधी नव्हती, अफूच्या जातीची होती. चहाचा कप हातात असतानाच अव्वांची मान कलायची, बोलताना जीभ जड व्हायची. एकदा मोरीत तोल गेला. "अशक्तपणा हाय," म्हणत सोमेश डाळिंबं आणायचा. सिद्धेश्वरीला मात्र राहवेना.

"अव्वा, खांदा बरा होईस्तोवर झोपेची बंद ठेवूया की. न्हायतर डॉक्टरला तरी इचारू."

"तू गप बस. खांदा लई ठणकतोय, वर झोप न्हाय. मरू का मी?"

एका संध्याकाळी कळ सोसेना म्हणून त्यांनी दुखण्याची एक गोळी जादा घेतली. वर रोजची झोपेची.

सकाळी बायका येऊन दारात खोळंबल्या, तरी अव्वा उठल्या नाहीत. सिद्धेश्वरी आत गेली. ओठ निळसर पडले होते. घोरल्यासारखा एक श्वास यायचा, मग बराच वेळ काहीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काय घेतात?"

"बीपीची आणि दुखण्याची," सोमेश म्हणाला.

"झोपेची पण," सिद्धेश्वरी म्हणाली. सोमेश वळून तिच्याकडं बघतच राहिला.

"दोन्हींनी श्वास मंदावतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकत्र घेतल्या की बंदही पडू शकतो. या वयात तर जास्तच धोका. आधी कळलं असतं, तर दुखण्याची वेगळी गोळी देता आली असती."

उतारा दिला, श्वासाची नळी घातली. अव्वा वाचल्या, पण मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. आता त्यांचे हात कापतात. नावं आठवत नाहीत. कामाच्या बायका हळूहळू दुसरीकडं लागल्या.

एकदा सोमेश बायकोला म्हणाला, "मला एका शब्दानं सांगायचं न्हाय व्हय?"

"त्यांनी शपथ घातली होती."

"शपथ मोडली असतीस, तर काय झालं असतं?"

सिद्धेश्वरी वाटी घेऊन आत गेली आणि सासूला आमटीभात भरवू लागली. दोन घास खाऊन अव्वांनी तिच्याकडं निरखून पाहिलं.

"तू कुणाची गं?"

"तुमचीच की," ती म्हणाली आणि त्यांचं तोंड पुसलं.