न उघडता दिलेली पोच

"काका, तुमच्या टेस्टसाठी पासिंगचे मार्क कमी करू का? तुमच्याकडे चालते ना तसं."

मोठ्या पडद्यासमोर उभा राहून निनाद हे म्हणाला. पडद्यावर माझी टेस्ट लाल, म्हणजे नापास, दिसत होती. खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. सगळे थांबले तेव्हाच थांबलो. आधी नाही, नंतर नाही. इतका सराव आहे मला.

निनाद माझा टीम लीड. वयाने माझ्या भाच्याएवढा. मी त्याला सर म्हणतो, तो मला काका म्हणतो. ऑफिसात सगळेच काका म्हणतात. माझं आडनाव सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच ते कोणी घेत नाही.

काम काय होतं ते सांगतो. आमची नागपुरातली लहान कंपनी एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशाची वेबसाइट नव्याने करत होती. मार्कशीट, फोटो जुन्याच वाटेने जात होते. राखीव जागेसाठी लागणारा जातीचा दाखला मात्र नव्या वाटेने जाणार होता. विद्यार्थ्याने फाइल द्यायची, आमच्या सर्व्हरने ती घ्यायची आणि स्वतःकडे न ठेवता संस्थेच्या सर्व्हरकडे पुढे पाठवायची. पाठवण्याचा कोड निनादने लिहिला होता. तो नीट चालतो का हे तपासणारी टेस्ट माझ्याकडे होती.

टेस्ट करताना खऱ्या सर्व्हरला कोणी हात लावत नाही. मधे एक खोटा सर्व्हर बसवतात. तो आमची विनंती वाटेतच अडवतो आणि खऱ्यासारखं उत्तर देतो. फाइल पाठवायची असेल तर आमच्याकडे एक रीतच पडली होती. खोट्या सर्व्हरने फाइल बघायची नाही. "मिळाली" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. फाइल उघडून तपासणं कटकटीचं, म्हणून कोणी त्या भानगडीत पडत नसे.

मी पडलो. फाइल ज्यात बंद होऊन जाते ते पाकीट खोट्या सर्व्हरला उघडायला लावलं. आत फाइल आहे का? नाव बरोबर आहे का? रिकामी तर नाही? टेस्ट लाल झाली. "फॉर्म वाचता आला नाही," एवढंच म्हणाली.

त्यावर ते पासिंगचं वाक्य आलं. आणि मग निनाद म्हणाला, "काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले, काका? खोट्यावाल्याला फक्त 'मिळाली' म्हणू द्या. आपल्याला पुढे जायचं आहे."

मी "हो सर" म्हणालो. जागेवर जाऊन बसलो. आणि स्वतःची चूक शोधू लागलो.

हे नीट सांगायला हवं. काही बिघडलं की मी पहिल्यांदा स्वतःत बघतो. शाळेपासून. गणित चुकलं, माझं डोकं. पेन चोरीला गेलं, माझं दप्तर तपासा. इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना खिडकीवरच्या बाबूने माझा दाखला उघडला होता आणि जात मोठ्याने वाचली होती. मागची रांग ऐकत होती. "या, सरकारचे जावई," म्हणाला होता. मी मान खाली घालून पावती घेतली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामाकडे कोणीतरी रांगेत उभं राहून बघतं आहे असं मला वाटतं. म्हणून मी जास्त तपासतो. आणि तपासून काही सापडलं, तरी ते माझंच असणार असं धरून चालतो.

त्या दुपारी मला सापडलं. निनादच्या कोडमधली एक ओळ.

असं असतं बघा. एका पाकिटात फाइल असते, अर्जाचा क्रमांक असतो, आणखी चार गोष्टी असतात. एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे कळायला मधे एक खूण लागते. ती खूण यंत्र स्वतः ठरवतं आणि पाकिटावर स्वतः लिहितं. माणसाने मधे पडायचं नसतं. निनादने पाकिटावरचा मजकूर हाताने लिहिला होता. 'आत फाइल आहे' असं लिहिलं, खूण लिहायची राहून गेली. मग पलीकडच्याला पाकीट मिळतं, पण कुठून कुठपर्यंत वाचायचं ते कळत नाही.

ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती वाचली. पुन्हा वाचली. आणि मला वाटलं, एवढ्या मोठ्या कॉलेजातून शिकलेला पोरगा अशी चूक करणार नाही. मलाच कळत नसेल.

मी पाकीट उघडणारा भाग काढून टाकला. खोटा सर्व्हर "मिळाली" म्हणाला. टेस्ट हिरवी झाली.

"अब आया ना रास्ते पे!" निनादने माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण खरं आहे. मला बरं वाटलं.

घरी, प्रताप नगरात, ताटावर बसलो तर घास जाईना.

"अजी, जेवून काहून नाही राहिले?" बायकोने विचारलं.

"काही नाही वं."

"तुम्ही काही नाही म्हणता तवाच काही असते."

मी तिला काय सांगणार होतो? पन्नाशीला टेकलेल्या माणसाला या गावात दुसरी कंपनी घेत नाही. दिवसभर त्या काचेच्या खोलीत बसायचं, तिथलंच हसायचं, आणि घरी येऊन "काही नाही" म्हणायचं. बाहेर पडायला दार आहे, पण दाराबाहेर काही नाही. हे तिला माहीत होतं. मी सांगितलं नाही म्हणून तिनेही पुढे विचारलं नाही.

संस्थेच्या सगळ्या कॉलेजांसाठी वेबसाइट सुरू करण्याआधी आम्ही रामटेकच्या एका कॉलेजचे खरे अर्ज घेऊन पाहिले. काही दिवसांनी माझ्या शेजारी बसणाऱ्या पल्लवीला तिथून फोन आला. तिने फोन ठेवला आणि निनादकडे वळली.

"कॉलेजवाले म्हणून राहिले, दाखल्याचा रकाना सगळ्यांचा रिकामा आहे. अन् पोरांच्या मोबाइलवर तर 'दाखला मिळाला' असं आलं आहे."

म्हणजे संस्थेच्या सर्व्हरला पाकीट मिळालं, वाचता आलं नाही. त्याने रिकामं ठेवून घेतलं आणि होकार दिला. आमच्या सर्व्हरने तो होकार मुलांना कळवला. आता यादी लागली की ही मुलं राखीव जागेत नसणार. कशामुळे, ते त्यांना कळणारही नाही. त्यांच्याकडे तर "मिळाला" असा मेसेज आहे.

निनाद खुर्चीत मागे रेलला. "दाखलाच गेला ना फक्त? मग बढिया. एक बार ओपन से लडने दो. सवय होईल."

कोणीतरी हसलं. माझंही तोंड हसायला उघडलं होतं. ते तसंच राहिलं. हसू आलंच नाही.

त्या बाबूने माझा कागद निदान उघडला होता. अपमान करायला का होईना, उघडला होता. या पोरांचा कागद कोणी उघडलाच नाही, आणि न उघडता पोच द्यायला खोट्या सर्व्हरला मी शिकवलं. मी. निनादने नाही. माझ्यावर हसले म्हणून मी यांच्यावर दार लावलं.

मी काढून टाकलेला भाग परत टाकला. टेस्ट लाल झाली. आमच्याकडे एक जरी टेस्ट लाल असली तरी काम पुढे जात नाही, यंत्रच अडवतं. निनादच्या पडद्यावर ते दिसलं.

"काका, हे काय करून राहिले? हटवा."

"नाही हटवणार."

"लाल आहे ती!"

"लालच राहील. निनाद, पाकिटावरची ओळ तू हाताने लिहिली आहे. ती काढ."

मी सर म्हटलं नव्हतं. ते सगळ्यांना ऐकू आलं. पल्लवीने माझ्याकडे बघितलं नाही, पण टाइप करणं थांबवलं.

"स्वतःला जमलं नाही म्हणून दुसऱ्यावर ढकलता?"

"ओळ काढ," मी म्हणालो. आवाज कापत होता. कापू दिला.

दुपारनंतर त्याने ती ओळ काढली. बदलाचं कारण लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. टेस्ट हिरवी झाली. मला आनंद झाला नाही. मग त्याने मला या कामावरून काढल्याचं कळवलं.

"रामटेकच्या पोरांचं काय?" मी विचारलं.

"त्यांना काय सांगायचं? कॉलेजवाल्यांना मी सांगून दिलं, दाखले आले आहेत, रकान्यात मागून दिसतील. कंपनीचं नाव खराब होईल. ज्याला गरज असेल तो येईल ओरडत. अन् तुम्ही यात पडू नका, काका. तुमच्या कामाचा रिव्ह्यू माझ्याकडे आहे."

कोणी ओरडत येणार नाही. मला माहीत आहे. ही मुलं यादीत नाव नाही बघून गप्प घरी जातील. आपणच काहीतरी चुकीचं भरलं असेल, असं म्हणतील. मोबाइलवरचा "मिळाला" मेसेज बघूनसुद्धा असंच म्हणतील. मी तेच म्हटलं असतं.

उद्या सकाळी मी रामटेकची बस धरणार आहे. सुट्टी मागितलेली नाही. कॉलेजात जाऊन सांगणार आहे की एकाही मुलाचा दाखला पोचलेला नाही, सगळ्यांना पुन्हा भरायला लावा, यादी लागायच्या आत. कंपनीचं नाव सांगणार, माझं आडनावासकट नाव सांगणार, आणि टेस्ट मी गप्प केली होती हेही सांगणार. नोकरी जाईल. ती राहावी म्हणून आता मी काहीही करणार नाही.